बेबीच्या नावाची मूठ

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत माणसाला नीट आडवं व्हायला जागा नाही, पण एका विलायती बाईला मात्र माझ्या शाळेच्या दिवसांपासून ऐसपैस मुक्काम मिळालेला आहे. ही बाई म्हणजे आमची बेबी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, चिमुकली, चार चाकांची इंग्रज मोटार. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर नाकावरचा पितळी बिल्ला आमच्याकडे यायच्या आधीच कुणीतरी काढून विकला होता. दुसरं म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे ते वाचून कुणा साहेबाच्या पणतूला वाईट वाटायला नको.

तिला आणलं नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते सुरतेला आले ते कापड विणायचे लूम दुरुस्त करणारे फिटर म्हणून. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. हा गुण यंत्रांपुरताच होता. घरात आईचं नि त्यांचं बोलणं बंद पडलं तर आठवडा आठवडा कुणी दुरुस्तीला जात नसे.

ते ज्या शेठच्या कारखान्यात होते त्याने मागचं गोडाऊन पाडायला काढलं, आणि रिकाम्या बॉबिनच्या पोत्यांखाली ही निघाली. शेठच्या आजोबांनी हौसेने घेतलेली, मग मोठी गाडी आल्यावर अडगळीत टाकलेली. तिच्या गादीत उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. शेठ म्हणाला, "लई जा ने भई, भंगार छे." शेठ लोक फुकट देतात ती वस्तू उचलायचं काम आपलं असतं. नानांनी लारी आणली, चार कारीगर लावले आणि बिनटायरची ती मोटार हातगाडीवर चढवून उधन्याच्या रस्त्याने वरातीसारखी घरी आणली.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हाई काय लई उनात?"

"मोटार शे," नाना म्हणाले.

"मोटार? मंग हिले हातगाडीवर का बरं आनी?"

या प्रश्नाला नानांनी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

बेबी उभी करायला पाण्याची दोन पिंपं हलवावी लागली आणि शेजारच्यांशी भांडण झालं ते वेगळंच. पण नानांना तिचं वेड लागलं. नानपुऱ्यात एक म्हातारा पारशी मेकॅनिक होता, त्याने तरुणपणी असल्या गाड्यांवर काम केलेलं. दर रविवारी नाना त्याच्याकडे जाऊन बसायचे आणि परत येऊन आम्हाला बेबीचं चरित्र ऐकवायचे. ते सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला मधेच उठायची सोय नसायची.

कथा अशी. पहिलं महायुद्ध संपलं. इंग्लंडातल्या मधल्या वर्गातल्या माणसाकडे पैसा बेताचा, हौस मात्र दांडगी. त्याला परवडायची ती मोटारसायकल आणि तिला जोडलेली साइडकार. म्हणजे नवरा हँडलवर, बायको बाजूच्या डब्यात आणि पाऊस दोघांवर. तिथल्या एका मोठ्या मोटार कंपनीचं तेव्हा दिवाळं निघायची वेळ आली होती. तिच्या मालकाच्या डोक्यात आलं की साइडकारवाल्याला परवडेल आणि तेवढ्याच जागेत मावेल अशी खरीखुरी मोटार काढावी. बाकीच्या संचालकांनी त्याला वेड्यात काढलं. गडी हट्टी. कारखान्यात कुणी ऐकेना म्हणून त्याने घरच्या बिलियर्डच्या खोलीत नकाशे काढून घेतले म्हणतात. गाडी बाहेर पडली तेव्हा लोक पोट धरधरून हसले, आणि हसून झाल्यावर रांग लावून विकत घेऊ लागले. बुडती कंपनी तरली. पुढे जर्मनांनी परवाना घेऊन तीच गाडी काढली, फ्रेंचांनी काढली, अमेरिकनांनीही काढून पाहिली.

इथे नाना थांबायचे, कारण आता त्यांचा लाडका अध्याय यायचा. सुरतेतले हिरेवाले ज्या जर्मन गाडीतून नाक वर करून फिरतात ना, त्या कंपनीने मोटारी काढायला सुरुवात केली ती आमच्या बेबीच्या नकलेपासून! रस्त्यात तसली गाडी दिसली की नाना तिच्याकडे सासऱ्याच्या नजरेने बघायचे.

मला लहानपणीही या कथेत एक भोक दिसायचं. गरिबाची गाडी, गरिबाची गाडी, असा एवढा गजर. मग इंग्लंडातल्या कारकुनासाठी काढलेली ही गाडी सुरतेत कुणाच्या दारात आली? शेठच्या आजोबांच्या. गरिबाला ती मिळाली ती उंदरांना तिच्यात राहून कंटाळा आल्यावर. हे मी एकदा बोलून दाखवलं तर नाना म्हणाले, "मिळाली ना?" आणि पाना मागितला.

तिला चालती करायला नानांना काही वर्षं लागली. मिळाले ते भाग चोरबाजारातले, नाही मिळाले ते लूमचे. पेडल परत वर आणायला लूमची स्प्रिंग, दाराच्या मुठीच्या जागी लाकडी बॉबिन, आणि रंग तर कारखान्यात यंत्रांना देतात तोच हिरवा. पेट्रोलची टाकी पुढे बसणाऱ्याच्या पायांवर असल्यामुळे आई म्हणायची, ही मोटार नसून चार चाकांचा स्टोव्ह आहे. इंजिनात पाणी फिरवायला पंप नाही. गरम झालेलं पाणी आपलं आपण वर चढतं आणि गार झालेलं खाली येतं, असा सगळा रामभरोसे कारभार. सुरू करायची ती हँडल फिरवून, आणि तेही अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवून. अंगठ्याने हँडलला विळखा घातला आणि इंजिनाने उलट लाथ मारली, तर अंगठा गेला. नानांचा उजवा अंगठा अजून वाकडाच आहे.

आणि ब्रेक! पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना, हाताचा फक्त पुढच्या. गाडी खरोखर थांबवायची तर दोन्ही एकदम लागतात. क्लच तर अर्ध्या बोटाएवढाच हलतो: एक तर पूर्ण लागलेला, नाही तर पूर्ण सुटलेला. मधलं काही तिला मान्य नाही. या बाबतीत मी तिच्यावरच गेले असं आई म्हणते.

आता कानबाई. आम्हा खानदेशी लोकांची ही श्रावणातली पाहुणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते, नारळाच्या रूपात नथ-दागिने घालून चौरंगावर बसते, रात्रभर बायकांची गाणी ऐकते आणि सोमवारी वाजत गाजत नदीला जाते. खानदेशातही तापी, इथेही तापी. देवीला स्थलांतराचा काही त्रास झाला नाही, फक्त घाटाला ओवारा म्हणायला शिकावं लागलं. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट लागतात, आणि खरी गंमत या रोटांत आहे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू काढायचा, तो वेगळा दळायचा आणि त्याचेच रोट करायचे. पाळण्यात मुतणाऱ्या पोराच्या नावाचीही मूठ निघते. बायकांच्या नावाची निघत नाही. त्यांनी दळायचं, मळायचं, भाजायचं आणि नवऱ्याच्या मुठीतलं खायचं. रोट भाऊबंदांतच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न झालेली लेक परकी. ती सासरच्या कानबाईची.

बेबीचा या सगळ्यात शिरकाव झाला तो एका टेम्पोवाल्यामुळे. एका वर्षी विसर्जनाच्या सकाळी त्याचा टेम्पो आलाच नाही. ढोलवाले ताटकळले, काकू रडकुंडीला आली. काकू म्हणजे नानांच्या वारलेल्या भावाची बायको; ती आणि तिचा मुलगा आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. नानांनी बेबीचं हँडल मारलं, चौरंग घेऊन आईला मागे बसवलं आणि देवीला नदीवर नेऊन आणलं. त्या दिवसापासून कानबाईचं वाहन बेबी हे ठरून गेलं. देवीने वाघ-सिंह सोडून हिरव्या डब्यात बसायला हरकत घेतली नाही.

त्याच्या पुढचा उन्हाळा माझा. त्या उन्हाळ्यात माझं लग्न मोडलं आणि मी एक बॅग घेऊन लिंबायतला परत आले. का मोडलं ते इथे सांगत नाही. तो माणूस वाईट होता एवढं पुरे, आणि त्याची आई त्याच्याहून. श्रावण आला. गहू निवडायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिकडच्या कानबाईला मी आता कुणी नाही आणि इकडच्या कानबाईला लग्नाच्या दिवसापासून नाही. रोट खायचा तरी कुठल्या नात्याने? काकूने ताटं मांडताना माझ्यापुढे साधी पोळी ठेवली.

त्याच वर्षी नानांनी नवीन टूम काढली. सगळ्या पुरुषांच्या मुठी झाल्यावर त्यांनी आणखी एक मूठ काढली आणि म्हणाले, "हाई बेबीनी."

काकूचा मुलगा खो खो हसला. काकू म्हणाली, "गाडीनी मूठ?"

"देवीले पाठवर बसाडीसन कोन लई जास? तू का?" नाना म्हणाले. देवीला वाहून नेणाऱ्याला मान द्यावा लागतो, हे काकूला पटलं. नंदीला नैवेद्य असतो, मग हिला का नको, असा तिने स्वतःशीच हिशेब जुळवला. आता बेबीचा रोट झाला, पण तो खाणार कोण? परक्याला देता येत नाही, पौर्णिमेपर्यंत संपवायला तर हवा. नाना म्हणाले, "तिले धोस पुसस तो खाई." धुणारी-पुसणारी मीच होते.

तर मंडळी, मी ज्या घरात जन्मले त्या घरात देवीचा प्रसाद मी खाल्ला तो एका मोटारीची मोलकरीण म्हणून. पहिल्या वर्षी मी तो रोट बाजूला सारला. मी म्हणाले, "नाना, लोखंडाच्या नावाची मूठ निघते, माझ्या नावाची का नाही?" ते म्हणाले, "खाय ना मुकाट." दर वर्षी मी हे बोलायचे, दर वर्षी ते हेच म्हणायचे. मी रागारागाने खायचे आणि खाताना बेबीला शिव्या द्यायचे. तिचं तर नावही बाईचं, म्हणजे तिचीही मूठ निघायला नको होती खरं तर! देवी बाई, गाडी बेबी, रोट भाजणाऱ्या बायका, गाडी धुणारी मी. मग यात पुरुष आला कुठून? तर तो चालवायला.

कारण बेबी नाना सोडून कुणी चालवायची नाही. मी पोटापाण्यासाठी बायकांना गाडी शिकवते. दिंडोलीपासून पांडेसऱ्यापर्यंतच्या कितीतरी बायका आज मला शिव्या आणि दुवा देत गाडी चालवतात. बेबीला धुण्यासाठी गल्लीत पुढे-मागे करता करता तिच्या सगळ्या खोडी मला पाठ झाल्या होत्या. पण विसर्जनाच्या दिवशी चाक नानांकडे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तू क्लासवाली, तू नियम दखशी. हिले नियम नही." आणि भाऊबंद काय म्हणतील, हे ते बोलायचे नाहीत, पण ते मला ऐकू यायचं.

यंदा नानांचे डोळे गेले. काचबिंदू बरेच दिवस कुरतडत होता. पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलं की उरलंय तेवढं सांभाळा. उरलं होतं ते म्हणजे उजेड आणि सावली. नानांनी दोन दिवस बेबीचे नटबोल्ट हातांनी चाचपले. मग विचारलं, "कानबाईले कोन लई जाई?"

मी तोंड उघडायच्या आत काकूचा मुलगा म्हणाला, "मी आहे ना काका." त्याचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे आणि अशी एक उंच गाडी आहे की काकूला तिच्यात चढवायला पाट लागतो. मी म्हणाले, "मी चालवते." घरातले सगळे माझ्याकडे असे वळले, जसं काही मी देवीला दारू पाजायची म्हटलं होतं. काकू हळूच म्हणाली, "बाई, तू तं आते..." आणि पुढचं गिळलं. सोडून दिलेली, एवढाच तो शब्द होता. तो तिने गिळला म्हणून मला जास्त राग आला.

मला बेबी चालवायची हौस होती असं नाही. पण नाना चालवणार नाहीत, बेबी नदीवर जाणार नाही, तर तिची मूठ कशाला? आणि तिची मूठ गेली की माझं ताट गेलं. गाडीची मोलकरीण म्हणून का होईना, एक जागा होती. पन्नाशीला आलेल्या बाईने एका रोटासाठी जीव टाकावा हे मलाच हास्यास्पद वाटत होतं, तरी मला झोप येत नव्हती.

शनिवारी सकाळी या भावाने, काकूच्या मुलाने, सराव करायचं ठरवलं. गल्ली गोळा झाली. नाना ओट्यावर येऊन बसले, कान टवकारून. मी हँडल मारून दिलं. भाऊ आत बसला तर गुडघे चाकाला लागले. म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिक चालवणाऱ्याला ही काय अवघड?" आणि क्लच सोडला.

बेबी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. मी पुन्हा हँडल मारलं. ती पुन्हा उडाली आणि बंद पडली. तिसऱ्या वेळी त्याने चिडून ॲक्सिलरेटर असा दाबला की ती निघालीच. समोरून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे ताके भरलेली लारी येत होती. भावाने जिवाच्या आकांताने पायाचा ब्रेक दाबला. मागची चाकं थांबली, पुढच्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ओट्यावरून नाना हाताच्या ब्रेकसाठी ओरडले, "हात ना! हात ना वढ!" भावाने दोन्ही हात वर केले. पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे.

बेबी ताक्यांत नाक खुपसून थांबली. कापड मऊ होतं म्हणून कुणाला काही झालं नाही. लारीवाला मात्र त्याला येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांत बोलला. भाऊ उतरला, शर्ट झटकला आणि जाहीर केलं, "गाडी खतम झाली आहे. टेम्पो सांगतो."

गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. मी हसू दाबत होते, पण टेम्पो आला की माझं ताट गेलं हेही कळत होतं.

दुपारी गव्हाला बसलो. दर वर्षी मुठी नानाच काढतात, कारण घरात मोठे तेच. दिसत नव्हतं तरी त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. परातीतल्या गव्हात हात घालून एकेक नाव घेत, एकेक मूठ चाचपत समोरच्या कापडावर टाकत होते. आधी स्वतःची. मग माझ्या या भावाची. मग भावाच्या दोन मुलांची. मग हात पुन्हा परातीत गेला.

भाऊ म्हणाला, "काका, झालं ना. यंदा टेम्पो आहे. गाडीची मूठ राहू द्या."

नानांचा हात गव्हातच राहिला.

"गाडी देवीला नेणार नाही तर तिचा मान कसला?" भाऊ म्हणाला. तर्क बिनतोड होता, आणि काकूही मान हलवत होती. मी उठले. मला तिथे बसून ते ऐकायचं नव्हतं.

"बठ," नाना म्हणाले. त्यांना मी दिसत नव्हते, पण उठलेलं कळलं. मग ते भावाच्या आवाजाच्या दिशेने वळले. "गाडी काय रोट खास का रे? लोखंडले काय कराना रोट? हाई मूठ बेबीनी कधीच नव्हती. हाई मन्ही आंडेरनी शे. ती उनी त्या सालपाईन तिन्हीच शे."

आंडेर म्हणजे लेक. मी परत आले त्या सालापासूनची प्रत्येक मूठ माझी होती.

काकूच्या तोंडून कसंबसं निघालं, "बाईमानूसनी मूठ? लगीन व्हयेल आंडेरनी? देवी काय म्हनी?"

"इतला वरीस खाई राहिनी देवी. काय म्हननी?" नाना म्हणाले आणि मूठ कापडावर टाकली. या वेळी नाव घेऊन टाकली. माझं.

मला वाटलं, आता महाभारत होणार. ते झालं, पण भलत्याच बाजूने. आई इतका वेळ भिंतीला टेकून गहू पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग मन्ही कोठे शे?"

नाना चाचरले. "तुन्ही?"

"मी काय तुमना घर मा भाड्यानी राहस? आंडेरनी निंघस तं मायनी का बरं नही?"

नानांच्या आयुष्यात इतकं बिनतोड त्यांना कुणी विचारलं नसेल. त्यांनी निमूटपणे हात परातीत घातला आणि आईच्या नावाची मूठ काढली. आई पुन्हा पाखडायला लागली, जसं काही झालंच नव्हतं. मग काकू, जी देवीची सगळ्यांत जास्त काळजी करत होती, ती परातीकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, आते निंघीच राहिनात तं मन्ही बी टाका." भाऊ चप्पल घालून टेम्पोवाल्याला फोन करायला बाहेर गेला, तो तासभर आलाच नाही. आत काकूने त्याच्या बायकोचीही मूठ काढायला लावली.

यंदा इतके रोट झाले की पौर्णिमेपर्यंत ते संपवताना घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडली. देवीचा कोप झाला असेल तर तो एवढाच.

सोमवारी टेम्पोची गरज पडली नाही. बायकांच्या मुठी निघाल्यावर गाडी कोण चालवणार यावर भांडायची कुणात ताकद उरली नव्हती. मी चालवली. मागे आई चौरंग सांभाळत, शेजारी नाना. पुढे ढोल आणि नाचणाऱ्या बायका, त्यामुळे बेबी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि तिचं पाणी उकळायला लागलं होतं. नाना वास घेऊन सांगायचे, "थांब, पानी टाक," आणि मी टाकायचे.

ओवाऱ्याकडे उतार लागला. मी पायाचा ब्रेक दाबला आणि हाताचा ओढायला गेले, तर नानांचा वाकडा अंगठा आधीच त्या दांडीवर होता. गाडी थांबली. बायका चौरंग उतरवून पाण्याकडे निघाल्या. आम्ही दोघंच आत राहिलो.

शनिवारपासून मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. आनंद झाला होता, इतका की काकूलाही मिठी मारावीशी वाटली होती. पण त्याच्याखाली राग खदखदत होता आणि तो आता बाहेर आला. मी म्हणाले, "इतकी वर्षं मी तो रोट गाडीचा म्हणून खाल्ला. शिव्या देत खाल्ला. रडत खाल्ला. माझाच होता तर मला एकटीला तरी सांगायचं होतंत. एका शब्दाने सांगायचं होतंत, नाना."

नाना समोर बघत होते, जिथे त्यांना नदीचा नुसता उजेड दिसत असणार.

"तुले सांगं असतं," ते म्हणाले, "तं तू त्याच दिन काकूले जाईसन सुनावती. मंग तुन्ही मूठ दुसरा साल निंघती का?"

निघाली नसती. मी त्याच दिवशी जिना चढून वर गेले असते.